१३७ की १९०? रोव्हर व्ही-८ आणि वाढीव ताकदीचा हिशेब

ऑगस्ट १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आली, तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद होती १३७ अश्वशक्ती. १९८२ साली रोव्हर एसडी-१ व्हिटेस आली. तिच्या बॉनेटखालीही तेच, ३५२८ सीसीचं, आठ सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन होतं, पण ताकद १९०. बोअर तोच, ८८.९ मिलिमीटर. स्ट्रोकही तोच, ७१.१ मिलिमीटर. मग मधली ५३ अश्वशक्ती आली कुठून? जुन्या दणकट गाडीतून आणखी ताकद काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने पार्टांचा कॅटलॉग उघडण्याआधी हा प्रश्न सोडवावा. उत्तर शोधताना इंजिनाचं बहुतेक सगळं शास्त्र आपोआप समजतं, आणि पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाहीत तेही कळतं.

अशी दणकट गाडी, म्हणजे मसल कार, ही मुळात अमेरिकेची गोष्ट. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, ही तिची सगळी युक्ती. १९६४ च्या पॉण्टिॲक जीटीओपासून तिचा बोलबाला झाला. ब्रिटनमध्ये एवढी मोठी इंजिनं सर्रास नव्हती आणि त्यामागे एक सरकारी कारण होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांपर्यंत तिथे गाडीवरचा कर 'आरएसी अश्वशक्ती'वर ठरत असे. ही अश्वशक्ती मोजायची ती इंजिन चालवून नव्हे, नुसत्या सूत्राने: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोकचा त्यात उल्लेखही नाही. साहजिकच ब्रिटिश कंपन्यांनी अरुंद बोअरची आणि लांब स्ट्रोकची इंजिनं बनवली. अरुंद बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह मावत नाहीत आणि लांब स्ट्रोकमुळे पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त अंतर धावावं लागतं, म्हणून फेरे वाढवण्यावर मर्यादा येते. कर गेला तरी ती घडण बराच काळ टिकली. आपल्या व्ही-८ ला हेच सूत्र लावलं तर उत्तर ३९ च्या वर जातं. असं इंजिन त्या काळच्या ब्रिटनमध्ये कोणी रेखाटलं नसतं, आणि रेखाटलं नव्हतंही. ते अमेरिकेतून आलं.

जनरल मोटर्सच्या ब्यूक विभागाने १९६० च्या सुमारास ते तयार केलं. सगळं ॲल्युमिनियमचं, वजन जेमतेम १४५ किलो. पण ओतकाम महाग पडायचं, बरेच ब्लॉक रद्द करावे लागायचे. १९६३ मध्ये कंपनीने ते बंदच केलं. रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट यांना ते अमेरिकेत, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कार्यशाळेत दिसलं, असं सांगतात. १९६५ च्या सुरुवातीला रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले आणि ब्यूकमध्ये ज्यांनी त्यावर काम केलं होतं त्या जो टर्ले यांनाच सल्लागार म्हणून इंग्लंडला आणलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नुसते आराखडे आणले असते तर ओतकामातल्या खाचाखोचा पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागल्या असत्या. १९६७ मध्ये रोव्हर पी-५-बी मध्ये हे इंजिन सुमारे १६० अश्वशक्तीसह दाखल झालं. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक ब्रॅबम यांनी फॉर्म्युला वनचं विजेतेपद ज्या रेप्को इंजिनावर मिळवलं, त्याचा ब्लॉक याच कुटुंबातल्या ओल्ड्समोबिल इंजिनाचा होता, तीन लिटरचा, तीनशेच्या आसपास अश्वशक्ती देणारा. त्यामुळे ब्लॉक कमजोर होता असं कोणी म्हणू शकत नाही.

एमजीच्या वाट्याला हे इंजिन यायच्या आधी एक चुकीचं उत्तर देऊन झालं होतं. १९६७ च्या एमजीसी गाडीत कंपनीने २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन बसवलं. ताकद १४५, म्हणजे पुढे आलेल्या व्ही-८ पेक्षा कागदावर जास्तच. पण हे इंजिन चार सिलिंडरच्या मूळ इंजिनापेक्षा ९० किलोच्या आसपास जड होतं, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. वळणावर गाडीचं नाक बाहेर जायचं. परीक्षकांनी गाडी झोडपली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. त्याच सुमारास केंटमधल्या फार्निंगहॅम गावी केन कॉस्टेलो यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये रोव्हरचं हलकं व्ही-८ साध्या एमजीबीत बसवून दीडशेच्या घरातली ताकद मिळवली आणि अशा गाड्या विकायलाही सुरुवात केली. वजनात जेमतेम फरक पडला, ताकद मात्र दीडपटीच्या पुढे गेली. एमजी आणि रोव्हर या दोन्हींची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडने त्यांची गाडी मागवून पाहिली आणि मग स्वतःची काढली. कंपनीने मात्र कॉस्टेलोंसारखं साडेदहा कम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण साडेदहा पट दाबणारं, इंजिन न घेता रेंज रोव्हरच्या जातीचं सव्वाआठ कम्प्रेशनचं घेतलं. १३७ हा आकडा तिथून येतो.

आता अश्वशक्ती म्हणजे नेमकं काय, ते या गाडीवरच पाहू. इंजिन क्रँकला जो पीळ देतं तो टॉर्क. क्रँक मिनिटाला किती वेळा फिरतो ते आरपीएम. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ७१२० ने भागलं की अश्वशक्ती मिळते. एमजीचा सर्वाधिक टॉर्क २६२ न्यूटन-मीटर, तोही अवघ्या २९०० आरपीएमला. म्हणजे तेवढ्यावरच १०७ अश्वशक्ती हाताशी आली. पुढे ५००० ला १३७ मिळतात, पण तिथे टॉर्क घसरून १९५ वर आलेला असतो. व्हिटेसचा टॉर्क थोडाच जास्त, २९८. पण तो ४००० ला मिळतो, आणि तिथेच १६७ अश्वशक्ती होतात. ५२८० आरपीएमला तिचा टॉर्क अजून २५६ आहे. एमजीचं इंजिन जिथे धापा टाकायला लागतं, तिथे व्हिटेसचं इंजिन अजून मोकळा श्वास घेत असतं. ५३ अश्वशक्तीचं कोडं मुख्यतः इथे सुटतं.

हवेचा हिशेबही करून पाहावा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या मापाइतकी हवा ओढतं. ३.५२८ लिटरचं इंजिन ५००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ८८२० लिटर हवा ओढेल, घनफुटांत ३११. कार्ब्युरेटर विकत घेताना हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. अमेरिकन चार-बॅरल कार्ब्युरेटर घनफुटांत मोजून विकले जातात आणि लोक हौसेने ६०० चा उचलतात. या इंजिनाला ३९० चा पुरून उरतो. गरजेपेक्षा मोठ्या तोंडातून हवा सावकाश जाते, सावकाश हवेत पेट्रोलचे बारीक कण नीट होत नाहीत, आणि पेडल दाबल्यावर गाडी आधी अडखळते, मग निघते. मूळचे दोन एसयू कार्ब्युरेटर इतके वाईट नाहीत. त्यांतला पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. बहुतेक वेळा सुई बदलणं एवढंच काम असतं.

पण हे सगळं नंतरचं. पन्नास वर्षांच्या इंजिनाकडे १३७ तरी उरली आहेत का, हे आधी पाहायला हवं. रोव्हर व्ही-८ चा कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधोमध बसतो आणि झिजतो, ही त्याची जुनी खोड. तेल वेळेवर बदललं नाही की काळा चिकट गाळ साचतो, हायड्रॉलिक टॅपेट अडकतात आणि कॅमचे उंचवटे बोथट होतात. आजच्या तेलांत झिंकची मात्रा कमी असते, जुन्या सपाट टॅपेटांना ती जास्त लागते. म्हणून अशा इंजिनांसाठी वेगळं तेल मिळतं, तेच घालावं. तपासायला फार काही लागत नाही. रॉकर कव्हर काढायचं, व्हॉल्व्हच्या टोकावर डायल गेज लावायचा, क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि सोळाही व्हॉल्व्ह किती उचलले जातात ते लिहीत जायचं. दोन-तीन आकडे इतरांपेक्षा कमी दिसले की कॅम संपला असं समजावं. ते व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाहीत, मग वर कितीही महागडा कार्ब्युरेटर ठेवा. टायमिंग चेन सैल पडली असेल तर सगळे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, तीही बदलावी. प्रत्येक सिलिंडरचं कम्प्रेशन मोजावं, डिस्ट्रिब्यूटरमधल्या ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा पाहाव्यात, प्लगच्या वायरी बदलाव्यात. यात हरवलेली ताकद परत येते आणि ती सगळ्यात स्वस्त पडते. ब्रिटनमधल्या बऱ्याच मालकांचं समाधान इथेच होईल, असं माझं मत आहे.

मग रोलिंग रोड. गाडीची मागची चाकं जमिनीतल्या मोठ्या रोलरांवर बसवतात, पट्ट्यांनी गाडी जखडतात, चौथ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून आरपीएम चढवत नेतात. पडद्यावर टॉर्क आणि ताकदीच्या दोन रेषा उमटतात. एक्झॉस्टमध्ये खुपसलेली नळी हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगते. पूर्ण दाबलेल्या पेडलला ते साडेबारा-तेराला एक असावं. चौदा-पंधरावर गेलं तर इंजिन उपाशी आहे आणि पिस्टनला धोका आहे. एक पथ्य पाळावं. आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच रोलिंग रोडवर करावं. चाकांवर मोजलेल्या आकड्यात गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये गेलेली ताकद अंदाजाने मिळवून इंजिनाचा आकडा काढतात आणि तो अंदाज जागोजागी वेगळा असतो. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

यानंतरची पायरी कम्प्रेशनची. सव्वाआठवरून पावणेदहावर नेलं तर सैद्धांतिक कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे १३७ चे १४४ होतील. फायदा खरा आहे, पण लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय तो नकळत गमावताही येतो. जुन्या इंजिनात हेडखाली पत्र्याचं पातळ गॅसकेट असे, साधारण अर्धा मिलिमीटर. आज त्याऐवजी बऱ्याचदा सव्वा मिलिमीटरच्या घरातलं काँपोझिट गॅसकेट घालतात. ते चांगलं बसतं, गळत नाही. पण मधलं अंतर पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर वाढलं की प्रत्येक सिलिंडरवर चार-साडेचार घनसेंटीमीटर जागा वाढते आणि सव्वाआठचं कम्प्रेशन पावणेआठच्या आसपास येतं. हेड तेवढंच घासून घेतलं नाही तर नवीन गॅसकेट घालून गाडी मंद झाली, अशी तक्रार ऐकू येते. वरच्या टोकालाही मर्यादा आहे. सुरुवातीच्या साडेदहा कम्प्रेशनच्या रोव्हरना १०० ऑक्टेनचं फाइव्ह स्टार पेट्रोल लागत असे. ते आता मिळत नाही. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनच्या पंपांवर साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल; जुन्या रबरी नळ्यांना आणि डायफ्रॅमना ते सोसत नाही. जुन्या गाडीला सुपर प्रतीचं ई-५ पेट्रोल घालावं, नळ्या तरीही नव्या घ्याव्यात.

मोठी ताकद मिळते ती हेडमध्ये. १९७६ ची एसडी-१ आली तेव्हा तिच्या हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह आणि सुधारलेले पोर्ट होते. त्याच इंजिनाने १५५ दिले. ही हेडं जुन्या ब्लॉकवर बसतात. व्हिटेसला त्यावर ल्युकासचं फ्युएल इंजेक्शन आणि पावणेदहा कम्प्रेशन मिळालं आणि आकडा १९० झाला. म्हणजे कंपनीनेच वाट आखून ठेवली आहे. (हीच एसडी-१ १९८५ साली मद्रासला 'स्टँडर्ड २०००' नावाने बनू लागली, तेव्हा तिच्यात व्ही-८ नव्हतं, जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन होतं. देखणं शरीर आणि अपुरं काळीज. १९८८ पर्यंत ती गाडी संपलीही.) हेडांसोबत नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घ्यावा आणि कॅम मात्र सौम्य निवडावा. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा तिखट कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो, पण खालचा टॉर्क खातो. आणि या गाडीची गंमत सगळी २९०० च्या टॉर्कमध्ये आहे. गावातल्या गोल चौकातून तिसऱ्या गिअरमध्ये अलगद निघणारी गाडी रेसच्या कॅमने थरथरू लागली तर काय मिळवलं?

यापेक्षा जास्त हवं असेल तर इंजिनाचं आकारमान वाढवणं बरं. १९९४ च्या रेंज रोव्हरमधलं ४.६ लिटरचं इंजिन याच ब्लॉकचं थोरलं भावंड. बोअर ९४, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, ताकद सव्वादोनशेच्या आसपास आणि टॉर्क खालूनच भरपूर. बाहेरून आकार जवळपास तोच, म्हणून एमजीच्या नाकावर वजन वाढत नाही. मात्र त्याच्या पुढच्या कव्हरमध्ये डिस्ट्रिब्यूटरला जागाच नाही, तेव्हा जुनं कव्हर बसवायची सोय करावी लागते किंवा इग्निशनची नवी संगणकी यंत्रणा घ्यावी लागते. आणि मोठ्या बोअरच्या या ब्लॉकांत सिलिंडरच्या लायनरमागची भिंत पातळ असते. तडा गेला की पाणी आत शिरतं. भंगारातून आणलेला ब्लॉक दाब देऊन तपासल्याशिवाय बसवू नये. टर्बोबद्दल एवढंच सांगतो की याच कुटुंबातल्या इंजिनावर १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायरने टर्बो लावून २१५ अश्वशक्ती काढली होती. पण ठोका (मिश्रण आपोआप भडकणं) टाळायला पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण टाकीत भरत राहावं लागे, मालक ते विसरत, आणि शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांवरचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर लावून दिला. आज इलेक्ट्रॉनिक्सने हे जमतं, पण एमजीच्या बॉनेटखाली जागा आणि थंडावा दोन्ही कमी आहेत. मूळ गाडीलाही रेडिएटरपुढे दोन विजेचे पंखे लावावे लागले होते.

गिअरबॉक्सचं दुखणं तर कंपनीलाही टाळता आलं नाही. सुरुवातीच्या व्ही-८ मध्ये ओव्हरड्राइव्ह (त्याच गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरवर चालायचा. या टॉर्कपुढे तिसऱ्यावर तो टिकणार नाही म्हणून नंतर फक्त चौथ्यावर ठेवला. १३७ अश्वशक्तीलाच ही अवस्था. १९० किंवा त्यापुढे जायचं तर एसडी-१ च्या पाच गिअरच्या बॉक्सचा खर्च आधीच धरावा. ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर, नळ्या, मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टायर हे सगळं त्याच हिशेबात यावं. ब्रिटनच्या मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ७० मैल आहे आणि मूळ गाडीच १२० च्या पुढे जाते. हवेचा विरोध इतक्या झपाट्याने वाढतो की ताकद चाळीस टक्के वाढवली तरी कमाल वेग जेमतेम बारा टक्के वाढेल. फरक जाणवेल तो चढावर आणि ओव्हरटेक करताना, आणि तिथे थांबण्याची ताकद आधी लागते.

ब्रिटनमधला कायदा याबाबतीत बराच उदार आहे. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर भरावा लागत नाही आणि मे २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. एमओटीच्या सुटीची अट एवढीच, की गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला नसावा. त्याच मूळ इंजिनाचं वेगळं सीसी हा मोठा बदल धरत नाहीत, म्हणजे ३.५ च्या जागी ४.६ चालून जावं. चार सिलिंडरच्या एमजीबीत व्ही-८ घालणाऱ्याने मात्र नियम नीट वाचावेत, कारण सिलिंडरांची संख्या बदलली की शंका घेतली जाते. सूट असली तरी दरवर्षी एमओटी करून घ्यावी असं मी आवर्जून सांगेन. वाढीव ताकदीच्या जुन्या गाडीचे ब्रेक परक्या डोळ्यांनी तपासले जाणं आपल्याच हिताचं आहे. इंजिन बदललं तर डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याच्या नोंदणीपुस्तकात नवा नंबर आणि सीसी नोंदवावे लागतात. आणि प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, अगदी कॅमसुद्धा. लपवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

माझा कौल असा. एमजीबी जीटी व्ही-८ असेल तर आधी ३.५ चं इंजिन निरोगी करा, मग एसडी-१ ची हेडं, चांगला एक्झॉस्ट, सौम्य कॅम आणि रोलिंग रोडवरचं एक दिवसाचं काम. ब्रेक आणि गिअरबॉक्ससह तेवढ्यावर थांबलात तर गाडी रोज चालवण्याजोगी राहील. ४.६ घालणारच असाल तर एक विनंती आहे. १९७६ पर्यंत या गाड्या अवघ्या २५९१ बनल्या. मूळ नंबराचा ब्लॉक भंगारात देऊ नका, हेड आणि कार्ब्युरेटरसह तेल लावून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला तो लागणार आहे.